एकोणचाळिसावं घर

अंकुशदाजी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पेनाचं टोपण टेकवायचे आणि एकेक अक्षर मोठ्यानं मोजायचे. मध्ये कुणी बोललं की पुन्हा एकपासून सुरुवात. माझी थोरली बहीण म्हणायची, "लग्नात सप्तपदीसुद्धा यांनी मोजून घातली. सातव्या पावलाला गुरुजींनाच म्हणाले, झाले, थांबा."

दाजींनी जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत कॉम्प्युटर विभागात तीस वर्षं काढली. मी शाळेतला लिपिक. एक्सेल मला उत्तम येतं असा घरात समज होता, आणि तो मीच पसरवला होता. ते असेपर्यंत ही गोष्ट सांगायची माझी हिंमत नव्हती. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं.

आमच्या भागातल्या एका रक्तदाता मंडळाकडे जुनी यादी होती, इंग्रजी अक्षरांतल्या नुसत्या मजकुराच्या फाइलीत. त्यात ना स्वल्पविराम, ना रकान्यांच्या रेघा. प्रत्येक ओळीत जागा ठरलेल्या. नावाला वीस, फोनला दहा, गावाला आठ, रक्तगटाला शेवटच्या तीन. दाजी या जागांना घरं म्हणायचे. एक्सेलमध्ये अशी फाइल घेताना रकाना कुठे तोडायचा ती रेघ आपण ओढायची असते. मी वरच्या दहा-बारा ओळी पाहिल्या, गावापुढे एक जागा मोकळी दिसली, तिच्यानंतर रेघ ओढली आणि पाच मिनिटांत यादी तयार. व्हॉट्सॲपच्या तीन ग्रुपवर पाठवली. ज्यांनी उतरवून घेतली त्यांचे अंगठे आले. मी खूश.

दाजींना दाखवली नाही. ते म्हणणार काय ते मला पाठ होतं. "रिकामं दिसलं की लगेच रेघ मारू नको. आधी इचार, हे घर कुनाचं?"

पंधराच दिवसांत दाजींची मुलगी, माझी भाची पल्लवी, बाळंतपणासाठी जालन्यात दवाखान्यात दाखल झाली. सकाळी दहाला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चार वाजता सिझेरियन करावं लागेल. तिचं बी निगेटिव्ह आहे, त्यात अंगात रक्त कमी. एक तरी बाटली हाताशी हवी. दाता दुपारी एकपर्यंत पोचवा." रक्तपेढीत तो गट शिल्लक नव्हता. घरात कुणाचा जुळत नव्हता. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी ऐटीत लॅपटॉप उघडला.

यादीत बी निगेटिव्ह सातजण निघाले. पहिले दोन फोन लागले नाहीत. परतूरच्या एका शिक्षिकाबाईंनी उचलला नाही. जाफराबादचा एकजण मात्र लगेच म्हणाला, "येतो की. जीपमंदी बसतोच आता." मी विजयी मुद्रेनं व्हरांड्यात फेरी मारली. तेवढ्यात शिक्षिकाबाईंचा उलट फोन आला. "मिस कॉल होता. रक्त पाहिजे का?" मी मोठ्या मनानं म्हणालो, "नको ताई, दाता निघालाय."

साडेदहाला दाजी लेकीजवळून उठून आले. "कोन येऊन राह्यलं?"

मी पडद्यावर नाव-गाव दाखवलं. दाजींनी वाचलं आणि विचारलं, "हे जाफराबादा काय हाय?"

"इंग्रजीत लिहितात हो दाजी तसं. अशोकचं अशोका करतात ना? खाली बघा, बदनापुरा पण आहे."

दाजींनी खिशातून पेन काढलं. "मूळ फाइल उघड."

"दाजी, आत्ता?"

"उघड, साहेब."

मला साहेब म्हणाले की समजायचं. टोपण पडद्यावर टेकलं. एक, दोन, तीन. सतराव्या अक्षराला बहीण येऊन म्हणाली, "अहो, पोरगी तुम्हाला बोलावतीय." दाजी मान न वळवता म्हणाले, "तिला म्हनावं, आलोच," आणि पुन्हा एकपासून. अडतीसवर टोपण थांबलं.

"इथं गाव संपलं. तुझी रेघ एकोनचाळीसवर हाय."

"पण ती जागा रिकामी होती."

"ओ पॉझिटिव्हवाल्याची रिकामी. त्याला ओ आन अधिकची खूण, दोनच घरं पुरतात. एबीवाल्याचा ए तिथंच राहतो. ह्या यादीत एबी एकबी मानूस न्हाई, हे दिसलं न्हाई तुला?"

मी रेघ एक घर मागे घेतली. जाफराबादाचा ए सुटला आणि बी निगेटिव्हला जाऊन चिकटला. तो माणूस एबी निगेटिव्ह होता. त्याचं रक्त पल्लवीला चालणार नव्हतं. सातातले चार तसेच निघाले. उरलेल्या तिघांत दोन न लागणारे, आणि तिसऱ्या परतूरच्या बाई.

दाजींनी टोपण बाईंच्या नंबरावर टेकवलं. "लाव बाईंला."

फोन व्यस्त.

"परत लाव."

संपर्कक्षेत्राच्या बाहेर. अकरा वाजून गेले.

"परत."

सहाव्यांदा लागला. बाई सेलूच्या बसमध्ये बसल्या होत्या, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. मी तोंड उघडायच्या आत दाजींनी फोन घेतला. "ताई, मी पोरीचा बाप बोलून राह्यलो. चूक आमची झाली. तुमचा गट बी निगेटिव्हच हाय ना, बराबर?"

पलीकडून बसचा आवाज, मग बाईंचा. "हो, बराबर. कंडक्टर, थांबवा हो जरा!"

एकला पाच कमी असताना त्या जिन्यातून वर आल्या. त्याआधी बारालाच जाफराबादचे गृहस्थ पोचले होते. जीपमध्ये त्यांचा फोन लागलाच नव्हता. मी चाचरत सांगायला लागलो तर म्हणाले, "माझं एबीच हाय की. तुम्ही कुठं इचारलं? येता का म्हनले, म्हनून आलो." दाजींनी त्यांना चहा पाजला, दोन्ही हात जोडले आणि परतीच्या जीपपर्यंत सोडून आले.

साडेचारला नर्स बाहेर आली. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." बहीण रडत आत धावली. मीही निघालो, तर दाजींनी बाकावर हात आपटला. "बस. ही यादी किती ठिकानी धाडलीस?"

"तीन ग्रुपवर."

"उतरवून कितीजनांनी घेतली?"

मी अंगठे मोजले. नऊ. "दाजी, आधी बाळ बघून येऊ."

"आज आपल्याला टाइम भेटला. उद्या दुसऱ्याच्या पोरीला भेटंल का? नवी यादी टाक आन एकेकाला फोन कर. म्हन, आधीची पुसा, चूक माझी झाली."

पहिल्या फोनला मी 'तांत्रिक अडचण' म्हणालो. दाजींनी टोपण पहिल्याच अंगठ्यावर दाबून धरलं. मी तोच फोन पुन्हा लावला आणि चूक माझी झाली म्हणालो. मग दुसरा, तिसरा. प्रत्येक फोनानंतर ते टोपण पडद्यावरच्या पुढच्या अंगठ्यावर सरकवत होते. सातवा झाला तेव्हा नर्सनं दार किलकिलं केलं.

"आजोबा, नात बघायची नाही का?"

"आलो बाई," दाजी म्हणाले, "दोन अंगठे राह्यले." आणि माझ्याकडे वळून, "लाव."