तांबड्याने दाणे टिपले नाहीत

"देवानं न्हाई म्हणलं, वैनी. म्या न्हाई."

"देव बोलला व्हय? आवाज तर तुमचाच हुता, भावजी."

सोनबाने नजर चुकवली. नूतनचा हा धाकटा दीर हिर्डोशीच्या देवळातला मानकरी. जत्रेआधी कौल लावायचं काम त्याचं. कोंबड्यापुढे तांदळाचे दाणे टाकायचे, त्याने टिपले तर देवाला मान्य. आज सकाळी नूतनच्या शेडमधला तांबडा कोंबडा गावासमोर धरला, तर त्या मेल्याने दाण्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. सोनबाने जाहीर करून टाकलं, किडे खाऊन वाढलेलं पाखरू देवाला चालत नाही.

देवाला नाही, म्हणजे जत्रेच्या चुलीवरही नाही. उन्हं चढायच्या आत, ज्यांनी कोंबड्या सांगून ठेवल्या होत्या ते एकेक करून नको म्हणून गेले. काहींनी तर बांधावरूनच हात हलवले. आणि इकडे शेड भरलेलं, पाखरं कापायला तयार. जत्रेनंतरही ठेवावीत तर नुसती खात बसणार आणि उन्हाच्या तडाख्यात माना टाकणार.

नूतन किकवीची, हायवेच्या कडेला वाढलेली. हिर्डोशीला दिली तेव्हा एसटी चुकली की चालायचं, हे पायांनाच शिकवावं लागलं. नवरा कंपनीत कामाला, आठवड्याने येणार. शेड तिने एकटीने उभं केलं. पावसात रस्त्यावर दरड आली की भोरहून येणारा खाद्याचा टेम्पो अडकायचा आणि पाखरं उपाशी ओरडत राहायची. ते ओरडणं ऐकवेना, तेव्हा तिने मोबाईलवर बघून टब मांडले. भाताचा कोंडा, फणसाचा चोथा, लग्नातलं उरलंसुरलं, आणि त्यात एका काळ्या, सडपातळ माशीच्या अळ्या. ही माशी ताटावर बसत नाही, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. बाया नाकाला पदर लावून जायच्या, पाठीमागे तिला 'अळीवाली' म्हणायच्या. नूतन टबात कोपरापर्यंत हात घालून त्यांना चहाला बोलवायची.

"तुमची गावठी कोंबडी उकिरड्यावर काय उकरती? साजूक तूप?"

"ती आपल्या मनानं खाती," सोनबा म्हणाला. "तुमी पाळता. किडं काय पाळायची वस्तू हाय?"

 आत्ताच नूतन शेडमधून आली होती. एका टबातल्या अळ्या उपसलेल्या, आणि देवळातून परत आलेल्या तांबड्याच्या गळ्याखालची थैली भरून दगडासारखी टणक.

"कौलाचं पाखरू रिकाम्या पोटी न्यायचं, हे तुमीच सांगितलंत. म्या त्याला रात्रभर डालग्याखाली उपाशी ठिवलं. सकाळी न्यायला आलात तुमी. ठासून भरवलं कुणी?"

"म्या? अळीला हात लावू? मला बघूनच वकारी येती."

"म्या घातलं."

उंबऱ्यात बसलेल्या सासूने, सखूबाईने, मान वर केली. टब आल्यापासून शेडकडे न फिरकलेली म्हातारी. "देवाकडं निघालेलं पाखरू, उपाशी कसं धाडायचं? आवडतं ते घातलं. वंजळभर. मागत हुतं, मग अजून वंजळभर."

नूतनला हसावं की कपाळ बडवावं कळेना. तिने दोन्ही केलं नाही. 

"आत्या, आजवर शिवला न्हाईत. आजच सुचलं?"

म्हातारी आपल्या तळव्यांकडे बघत बसली.

नूतन सोनबाकडे वळली. लोक अजून देवळात बसलेत, ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा, पोट भरलं होतं म्हणून सांगा, दुसरा कोंबडा उपाशी ठेवून उद्या कौल लावा. सोनबा म्हणाला, कौल दोनदा लावत नाहीत, गाव हसेल.

"मग म्हणा, आईच्या हातनं चूक झाली."

"आईचं नाव चारचौघांत घिऊ?"

"माझं घेताना जीभ बरी वळली तुमची."



"सोन्या," सखूबाई म्हणाली, "जा. माझं नाव सांग. खरं हाय ते."

आता दोघीही त्याच्याकडे बघत होत्या. शेडमधून पाखरांचा कलकलाट येत होता.

"जाताय का न्हाई, भावजी?"

सोनबाने पायात चपला अडकवल्या. अंगणाबाहेर पडला. देवळाची वाट वरच्या अंगाला होती. तो खाली, ओढ्याकडे चालायला लागला.