चिठ्ठीवरच्या नावाची घडी

घड्याळाची पारख तुम्हाला कोणी शिकवली, असं कुणी विचारलं की मी सांगते, वांग्यांनी. लोक हसतात. हसू द्या. माळ्याच्या घरात जन्मलेल्या पोरीला चकचकीत वस्तूचा आधी संशय येतो, कारण ती चकाकी कशी आणायची हे तिने पहाटे उठून स्वतः केलेलं असतं. कालची वांगी ओल्या पोत्याखाली ठेवायची, पाणी शिंपडायचं, फडक्याने पुसायची. गिऱ्हाईक वांग्याचं अंग बघतं, आम्ही देठ बघतो. एवढी अक्कल असूनही मी घड्याळात फसले, ते कसं ते सांगते.

आमचा मळा मोर्णा नदीच्या काठी, अकोल्यापासून दोन कोसांवर. बा, म्हणजे माझे वडील, रोज भाजीची टोपली घेऊन अकोल्याच्या बाजारात बसायचे. मी मराठी सातवी पास झाले होते आणि अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात सुईणींचा वर्ग निघणार म्हणून अर्ज केला होता. घरात कोणाला न विचारता केला होता, तेही सांगून टाकते. उत्तर आलं तेव्हा बा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चाल मंग. भेटून तर येऊ."

तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या कडक होत्या. त्यांनी मला वाचायला लावलं, हात पुढे करून नखं दाखवायला लावली, बांच्या देखत माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी कशी मोजायची आणि किती भरली पाहिजे ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "जागा देते. पण स्वतःचं घड्याळ पाहिजे, सेकंदाच्या काट्याचं. नाडी मोजायची असते, अंदाजपंचे चालत नाही. आजपासून तिसऱ्या सोमवारी वर्ग सुरू. त्या दिवशी घड्याळ नसेल तर जागा दुसरीला जाईल. बाहेर चौघी वाट बघताहेत."

चौघी मी पाहिल्या होत्या. दोघींच्या छातीवर घड्याळं टाचलेलीसुद्धा होती. मी तिथल्या तिथे ठरवलं, काही झालं तरी ही जागा मी सोडणार नाही.

लढाई चालू होती. विलायतेहून माल येणं बंद झालेलं, नवं घड्याळ दुकानात दिसेना, दिसलं तर आमच्यासारख्यांनी त्याच्याकडे पाहूही नये असा भाव. म्हणजे जुनंच घ्यायचं. आमच्याकडे घड्याळाला घडी म्हणतात. आईने झेंडूच्या फुलांचे साठवलेले पैसे पदराच्या गाठीतून सोडून दिले आणि म्हणाली, "घडी खरी पाह्यजो व. नाहीतर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." बा आमच्या गावच्या मोठ्या मास्तरांकडे गेले. मास्तरांनी एका चिठ्ठीवर एका विलायती कंपनीचं नाव इंग्रजीत लिहून दिलं: या नावाची घ्या, पिढ्यान्‌पिढ्या चालते. मला इंग्रजी येत नव्हतं. अक्षरांची चित्रं मात्र मी पाठ करून टाकली. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नव्हता.

पहिल्या शनिवारी आम्ही बाजारामागच्या घडीसाजाकडे गेलो. म्हातारा माणूस, एका डोळ्यात भिंग अडकवलेलं. त्याला सगळे चाचा म्हणत. त्याने फडक्यावर दोन घड्या ठेवल्या, दोन्ही खिशातल्या, लहान. एक अशी चकचकीत की तोंड दिसावं, आणि तबकडीवर कुठलंसं इंग्रजी नाव. दुसरी पिवळट, पितळी झाकणाची, तबकडीवर आकडे तेवढे, नाव नाही.

मी चकचकीत घडी उचलली. कानाला लावली, चालत होती. आडवी ठेवली, चालत होती. मग दवाखान्यात नर्सा टाचतात तशी पिनेने पदराला लटकवली आणि उभी राहिले. थोड्या वेळात सेकंदाचा काटा एका जागी थरथरायला लागला आणि थांबला. मी काढून फडक्यावर ठेवली.

"चाचा, इचा देठ वाळलेला हाय," मी म्हटलं.

म्हातारा असा हसला की भिंग डोळ्यातून निसटलं. "माळ्याची लेक शोभते! ही बिननावाची घे बेटी. मशीन एकदम असली. मी स्वतः खोलून साफ केली. नाव नाही, पण वेळ बरोबर सांगते."

ती मी तशीच लटकवली. चालत राहिली. एवढ्यावर माझं समाधान होणार नव्हतं. स्टेशनवरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून बघते म्हटलं. चाचा घडी नेऊ देईनात. मी हातातले चांदीचे गोठ काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि निघाले. स्टेशनात तिकीटघरासमोर दोन तास उभी राहिले. हमाल ढकलून जात होते, एक पोलीस दोनदा विचारून गेला, "काहून उभी हायेस व इथं?" मी त्याला सांगितलं, "घडी पाहून रायली. तुमचं काई जाते का?" दोन तासांत फरक अर्ध्या मिनिटाचाही पडला नाही. मोठा काटा एक घर सरकला की इकडे सेकंदाचा काटा पुरा एक फेरा करायचा. मी पळतच परत आले.

बांनी घडी हातात घेतली, उलटीपालटी केली, चिठ्ठी काढली. "नाव कुठी हाय?"

"नाव नाई. पण चालते बरोबर."

"अव, बिननावाची घडी म्हंजे काय? मास्तर येडे हायेत का? नाव पाह्यल्याबिगर मी घेणार नाई." आणि त्यांनी ती चिठ्ठीच चाचांच्या पुढ्यात ठेवली. "ह्या नावाची भेटली तं ठेवजा आमच्यासाठी. पुढच्या शनिवारी येतो."

मी तिथेच भांडले. रस्त्यात भांडले. घरी जाऊन आईसमोर पुन्हा भांडले. बा काही हलले नाहीत. त्यांचा हट्ट म्हणजे भिंत.

दुसऱ्या शनिवारी चाचांनी हसतमुखाने घडी पुढे केली. नवं झाकण, पांढरी तबकडी, आणि तबकडीवर काळ्या शाईत ते नाव. चाचांकडे ठेवलेली चिठ्ठी मी शेजारी धरली. एकेक अक्षर लावून पाहिलं. हुबेहूब! शेवटच्या अक्षराला खाली शेपटी होती, तीसुद्धा तशीच. बा म्हणाले, "पाह्यलं? याले म्हंतात घडी." मी पुन्हा लटकवली, पुन्हा गोठ ठेवले, पुन्हा स्टेशनवर दोन तास. हीसुद्धा बरोबर चालली. गेल्या शनिवारच्या घडीइतकीच बरोबर, तंतोतंत. मला वाटलं, नशीब उघडलं. छापलेल्या नावाला मास्तरांच्या हाताची शेपटी कुठून आली, एवढा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आज आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

घडी घेतली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारच्या गाडीने बडनेरा आणि तिथून अमरावती, असं ठरलेलं. बांची भाजी अजून विकायची होती. बाजारात खिसेकापू फार, म्हणून बांनी घडी फडक्यात गुंडाळली आणि टोपलीच्या तळाशी, कोथिंबिरीच्या खाली, पोत्यात लपवली. "इथं कोण हात घालते?" म्हणाले. मला ते पटलं. तीही अक्कल बघा माझी.

आता माळी माणूस भाजीपुढे बसला की त्याचा हात आपोआप पाण्याच्या गडव्याकडे जातो. गिऱ्हाईकाशी बोलतील, विडी पेटवतील, पण हात आपला शिंपडतोय. बांनी त्या दिवशी चार वाजेपर्यंत कोथिंबिरीवर किती गडवे पाणी शिंपडलं देव जाणे. मी शेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधत होते आणि दोनदा तर मीच गडवा भरून आणून दिला.

टोपली रिकामी करताना फडकं हाताला चिंब लागलं. उघडलं. काचेच्या आत वाफ धरलेली, कडेने पाणी हलत होतं. आणि ते नाव! शाई फुटून तबकडीभर पसरली होती, शेपटीवालं अक्षर तर ओघळून सहाच्या आकड्यापर्यंत आलेलं. पांढरा रंग सुटून खाली जुनी पिवळट, बिननावाची तबकडी दिसत होती. घडी बंद.

बांनी पाहिलं. हातातला गडवा खाली ठेवला. तिथे थांबले असते तर मी फार वाईट बोलले असते. टोपली तिथेच टाकून मी चाचांचं दुकान गाठलं. बा मागून येत होते.

घडी मी त्यांच्या फडक्यावर आपटलीच. "चाचा, नाव पुसलं गेलं तुमचं!"

त्यांनी भिंग लावलं, तबकडी पाहिली आणि मान खाली घातली. नाकारलं नाही, हे मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन. "बेटी, पहिल्या शनिवारी तुले जी दिली ना, हीच ती. असली. तुझ्या बाले नाव पाह्यजे होतं. चिठ्ठी त्याईनंच इथं ठेवली. मी झाकण बदललं, तबकडीले सफेदा दिला, नाव लिवलं. बिननावाची घडी कोणी घेत नाही. मी काय करू?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर ओरडू तेच कळेना. चाचांवर, बांवर, की अक्षरं जुळवून जुळवून खूश झालेल्या माझ्यावर? डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने दाबून पुसलं. रडायला वेळ नव्हता. सोमवार पुढे उभा होता.

"मले पैसे वापस नको," मी म्हटलं. "मले घडी पाह्यजे. चालती. उद्या दुपारच्या गाडीच्या आत. आन तबकडीवर एक अक्षर ठेवू नका, सगळं पुसा. नाई झालं तं मी इथून उठत नाई, तुमचं दुकानबी बंद करू देत नाई."

आणि मी उंबऱ्यावर बसले. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बांकडे. मग घडी खोलली. एकेक चाक काढून घासलेटात बुडवलं, पुसलं, कागदावर मांडलं. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनीच मला घरी जायला सांगितलं: "जा बेटी. उद्या सकाळी ये. नाही झाली तर ही माझी खिशातली घेऊन जा." म्हणजे त्यांची स्वतःची. तेव्हा कुठे मी उठले.

रविवारी सकाळी गेले तर घडी चालू होती. जुनं पितळी झाकण परत बसवलेलं, तबकडी कोरी. तीनच्या आकड्याजवळ शाईचा एक डाग राहिला होता. चाचांनी पैशातले पाच रुपये न मागता परत दिले. मी घेतले. का घेऊ नये?

स्टेशनवर आम्ही गाडीच्या बरेच आधी पोचलो. बा माझी पेटी पुढ्यात ठेवून बाकावर बसले होते. कालपासून ते जेवलेही नव्हते. मी पिन लावून घडी पदराला टाचली आणि मोठ्या घड्याळाशी ताडत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. चालत होती. तरी माझी धाकधूक जाईना. पाण्यातून निघालेली घडी, उद्या डॉक्टरीणबाईंसमोर बंद पडली तर?

बा एकदम म्हणाले, "तिथं मोठ्या घरच्या पोरी राह्यतीन. सोन्याच्या घड्या आसतीन त्याईच्या. तुही घडी पाहून कोणी हसू नाई, म्हून मी नाव नाव करत होतो. मीच तुही घडी बुडवली, पोरी. तुही जागा गेली तं मी तुह्या मायले काय सांगू?"

माझ्या बापाचा आवाज असा कापताना मी जन्मात ऐकला नव्हता. कालपासून त्यांच्यावर मी जो राग धरून बसले होते त्याची मला लाज वाटली. मी त्यांच्या शेजारी बसले. "हात द्या," म्हटलं. "घडी चालते का ते पाह्यतो."

त्यांनी हात पुढे केला. मातीने भेगाळलेलं ते मनगट मी धरलं, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं तीन बोटांनी, आणि सेकंदाच्या काट्यावर नजर ठेवून मोजायला लागले. आयुष्यात मोजलेली पहिली नाडी. अर्ध्या मिनिटात सत्तावन्न ठोके. मला वाटलं चुकले. पुन्हा मोजले. अठ्ठावन्न. दुप्पट केली की एकशेसोळा. बाई म्हणाल्या होत्या, धडधाकट माणूस स्वस्थ बसला असेल तर बहात्तरच्या आसपास.

बा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हंते घडी? किती?"

"बहात्तर," मी म्हटलं.

"मंग चांगली हाय," बा म्हणाले, आणि गाडी येईपर्यंत त्यांनी हात काही सोडवून घेतला नाही.