खोटी थप्पड

सर्कशीतली थप्पड खोटी असते हे मला सर्कशीत ड्रम वाजवायला लागल्यावर कळलं. मारणाऱ्याचा हात गालाजवळून नुसता हवेतून जातो. आवाज काढतो तो मार खाणारा. तो दोन्ही हात छातीशी आणून गुपचूप टाळी वाजवतो, त्याच क्षणी ड्रमवाला काडी हाणतो, आणि पार मागच्या फळीवर बसलेल्यालाही वाटतं की याचा गाल फुटला. तिघांचा एकमेकांवर भरवसा असेल तरच हे जमतं.

कापूस विकून झाला की आमच्या वऱ्हाडात सर्कस यायची. त्या साली ती अमरावतीला आली तेव्हा तिचा ड्रमवाला पळून गेला होता. का पळाला हे कोणी धड सांगेना, आणि मला तिथंच संशय यायला हवा होता. पण मी तरुण होतो आणि लग्नसराईला अवकाश होता. आमच्या बॅन्डातला क्लॅरनेटवाला आणि मी, दोघं अमरावती, मूर्तिजापूर आणि अकोला एवढ्या मुक्कामांपुरते कामाला लागलो. वडिलांना हे पसंत नव्हतं. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो त्याच आठवड्यात त्यांनी गावकीचं डफडं चुलीत घातलं होतं.

"बॅन्ड वेगळा, बाबा," मी म्हणालो.

"वाजव ना. मी कुठी नाही म्हन्तो? पन कोनाच्या हुकमावर वाजवून राहिला ते पाह्यत जाय."

हुकूम मालकाचा होता. मालक पूर्वी वाघाचा खेळ करायचा. वाघ म्हातारा होऊन मेला, चाबूक तेवढा मालकाच्या हातात राहिला. जेवतानासुद्धा तो ताटाशेजारी असायचा. तंबूमागे चार माणसं बोलताना दिसली की मालक येऊन उभा राही, "सब मालूम है हमको" एवढंच म्हणे आणि निघून जाई. मग ती चारही माणसं एकमेकांकडे बघत बसायची. आपल्यात कोणीतरी फितूर आहे अशी सगळ्यांचीच खात्री होती. कोण, यावर मात्र प्रत्येकाचं मत वेगळं होतं.

जोकर दोन होते. एक म्हातारा, बुटका, नांदगाव खंडेश्वरकडचा. दुसरा उंच आणि तरणाबांड. या तरण्याला म्हाताऱ्यानंच मूर्तिजापूरच्या फलाटावरून उचलून आणलं होतं, तेव्हा ते बेवारस पोर हातभरही नव्हतं. त्यानंच त्याला भरवलं, पडायला शिकवलं, रडता रडता हसवायला शिकवलं. अमरावतीच्या मुक्कामात मी या दोघांना एका ताटात जेवताना पाहिलं आहे. रिंगणात ते एकमेकांना अशा काही थपडा मारायचे की बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या.

मूर्तिजापुरात मालकानं जाहीर केलं की अकोल्याच्या पुढं एकच जोकर येईल, दोघं परवडत नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघांची ताटं वेगळी झाली. म्हातारा जोडे घालण्याआधी ते उलटे करून आपटायला लागला, आत कोणी खिळा टाकला असेल म्हणून. तरणा आपल्या रंगाच्या पेटीला कुलूप लावायला लागला. मी एकदा म्हाताऱ्यापुढं चहा ठेवला तर त्यानं आधी मला एक घोट घ्यायला लावला. मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, त्यानंतर मीही माझा चहा स्वतःच आणायला लागलो.

अकोल्यात तंबू उभा राहिला आणि मालकानं मला बोलावलं. "वो क्लॅरनेटवाला बोलता है, तू आखरी खेल के पहले भागनेवाला है." मी आतल्या आत पेटलो. मित्र म्हणवतो आणि माझ्यामागं हे धंदे! त्याची गचांडी धरायला निघालो तर तोच समोरून तणतणत येत होता.

"काहून बे, म्या दारू पिऊन वाजवतो असं तू मालकाले सांगतलं?"

मी एक अक्षर बोललो नव्हतो. त्यानंही मी पळणार असल्याचं मालकाला सांगितलेलं नव्हतं. आम्ही एकमेकांना पोटभर शिव्या दिल्या, मग थांबलो, आणि मग दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. फितूर कोणी नव्हताच. मालकाला काहीच ठाऊक नव्हतं. याचं नाव त्याला आणि त्याचं नाव याला सांगायचं, एवढ्यावर त्याचं राज्य चाललं होतं.

मला वाटलं, आता हे जोकरांना सांगितलं की झालं. मी म्हाताऱ्याकडं गेलो. तो तोंडाला पांढरा रंग फासत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आरशातूनच विचारलं, "तुले कोनं पाठोलं?"

"कोनी नाही. मीच आलो."

"असं," तो म्हणाला आणि पुन्हा रंग लावायला लागला.

तरण्याकडं गेलो तर तो हसला. "मालकानं मले आधीच सांगतलं होतं, बाजेवाला येईन म्हनून. म्हाताऱ्याचा वकील."

हे मालक खरंच बोलला होता की तरण्यानं तिथल्या तिथं रचलं, मला आजही माहीत नाही. मला त्या माणसांची चीड आली. कीवही आली, पण ती नंतर.

अकोल्याचा शेवटचा खेळ. तंबू खचाखच भरलेला. ज्याला जास्त हशा मिळेल तो पुढं जाईल, असं मालकानं ठरवलं होतं. बॅन्डचं मचाण रिंगणाच्या दाराच्या बरोबर वर होतं, तिथून मला सगळं नीट दिसायचं. पहिली थप्पड तरण्यानं मारायची. म्हाताऱ्यानं हात छातीशी आणले, मी काडी उचलली, आणि टाळीच्या आधीच आवाज आला. तो हाडामांसाचा आवाज होता. म्हातारा भुशात आडवा झाला. तंबू हसून हसून फुटायचा बाकी राहिला. फळ्यांवर पाय आपटत लोक "आनखी! आनखी!" ओरडत होते.

आता पाळी म्हाताऱ्याची होती. तो उठला. कानामागून एक लाल ओघळ पांढऱ्या रंगात उतरत होता, आणि लोकांना तोही रंगच वाटला. तरण्यापर्यंत हात पोचावा म्हणून तो रोजच्यासारखा स्टुलावर चढला. हात पार मागं नेला. आता हा त्याचे दात पाडणार असं मला वाटलं, आणि पाडावेत असंही वाटलं. हात जोरात आला, आणि रोजच्यासारखाच गालाजवळून हवेतून निघून गेला.

मी काडी मारली. पण टाळी आली नाही. तरणा डोळे घट्ट मिटून, दोन्ही हातांनी गाल झाकून उभा होता. नुसता ड्रम वाजला, आणि न लागलेली थप्पड साऱ्या तंबूला दिसली. कोणीतरी शिट्टी मारली. "खोटं हाय! खोटं हाय!" असा गलका उठला. मालकानं चाबकानं इशारा केला आणि दोघांना आत हाकललं.

ते माझ्या मचाणाखालीच थांबले. म्हातारा धापा टाकत होता. पोराला शिकवताना विचारत असेल तशाच आवाजात त्यानं विचारलं, "टाळी काहून नाही वाजवली रे?"

तरण्यानं मान खाली घातली. "मले वाटलं, काका, तुमी खरंच मारता."

म्हाताऱ्यानं कानामागचा ओघळ बाहीनं पुसला. बाहेर हत्ती रिंगणात आला होता आणि पोरं चेकाळली होती.

"आजवर कधी मारलं काय म्या तुले?"

 दुसऱ्या दिवशी सर्कशीबरोबर तरणाच पुढं गेला.