कवंडळाचं कूळ

चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला बांधलेली माटोळी... सुपारीचे घोस, रानातल्या शेंगा, पानं, आणि त्यांच्यामध्ये बाबांनी इब्रामपूरच्या डोंगरातून आणलेली तांबडीलाल कवंडळं, ओल्या रानाचा वास खोलीभर पसरवत लोंबत असायची.

"माटोळीक हात लावचो नाय," बाबा बजावायचे; का, ते कधी सांगत नसत. देवासाठी बांधलेली म्हणून असेल, असं मी समजले. तेव्हा मी नऊ वर्षांची, धाकटा सोनू चार. विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी माटोळीची फळं उतरवून पडवीत ठेवली होती, आई विहिरीवर होती. "बाय, माका ता तांबडा दी मगो," सोनू मागे लागला. देव तर गेले, आता हा प्रसादच – असं मनाशी ठरवून मी एक कवंडळ फोडून त्याच्या हातावर ठेवलं. कडू लागलं तसं त्याने तोंड वेडंवाकडं केलं.

"देवाचा थुकू नये रे," मी म्हटलं.

दुपारपर्यंत तो उलट्यांनी गळून गेला. दवाखान्यात डॉक्टर पुन्हापुन्हा विचारत होते – काय खाल्लं? बाबा आईकडे बघत होते, आई बाबांकडे. मी खांब धरून उभी होते. नाव जिभेवर होतं... भीतीने बाहेर आलं नाही. संध्याकाळी सोनू गेला. सांगितलं असतं तर वाचला असता का, मला ठाऊक नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वनस्पतिशास्त्र मीच निवडलं, पण झाडांच्या कुळांची लॅटिन नावं तोंडात अडकायची. "हिचो गियर पडना!" मागच्या बाकावर हसू फुटायचं. मग बाईंनी शिकवलं – नाव तोड, दर तुकड्याला एक टाळी. सो-ल-ने-सी. मा-ल-व्हे-सी. कु-कर-बि-टे-सी... सोनू मीठ लावून खायचा त्या काकडीचं हे कूळ. त्याच पानावर, खाली, कवंडळाचंही.

परवा पडवीत मी हे पाठ करत होते. आई आत तांदूळ पाखडत होती. बाबा आले.

"कसल्यो गो टाळ्यो? आरती म्हणतंस?"

"कवंडळाच्या कुळाचा नाव, बाबा."

ते तिथेच खाली बसले. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते मी हळूच म्हटलं, "ता मियां दिलेला त्येका."

"ठावक आसा," बाबा म्हणाले. "दवाखान्यातसून येऊन तुझे हात मियांच धुयले मगे. नखांत गर आसलो."

आत सुपाचा आवाज थांबला. आईला हे आम्ही कुणीच कधी सांगितलं नव्हतं.