अक्काने पुसून टाकलेला भागाकार

अक्का गेल्याची तार तळेगावला आली तेव्हा मी नुकताच जेवायला बसलो होतो. त्याला आता महिना झाला. थोरली बहीण गेली म्हणजे आपल्याला 'गधड्या' म्हणणारं माणूसच उरत नाही, हे मला या वयात कळलं.

ऐन पंचविशीत मला क्षयानं गाठलं. अक्का लोणावळ्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, एकटीच राहायची. तिथली हवा चांगली म्हणून मला तिच्याकडे आणून टाकलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवण नको, बोलणं नको. एक दिवस तिनं दगडी पाटीवर ओळीनं अकरा एक मांडले आणि पाटी माझ्या छातीवर ठेवली. अकराशे अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा!

"ह्याला कशानं निःशेष भाग जातो, सांग. मलाही ठाऊक नाही. जातच नसेल कदाचित."

भाग जाणारी, एकाहून मोठी अशी लहानात लहान संख्या शोधायची; ती मूळ संख्याच असणार, आणि बावीसनं भागल्यावर तिची बाकी एकच राहणार, एवढं तिनं सिद्ध करून दिलं. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद... मी चिडून सुरुवात केली आणि पुरता अडकलो. संध्याकाळी मी थकलो की ती पाटी पुसून ठेवायची. शेळीचं दूध घालणारी लोहगडवाडीची काशीमावशी एकदा पाटीकडे बघून कळवळली, "बाई, तुमच्या भावाला एकाच्या म्होरं येतच न्हाई व्हय?" अक्का पोट धरधरून हसली. मीही हसलो, कितीतरी महिन्यांनी.

असा दीड-दोन वर्षं भागत राहिलो. भाकरी जाऊ लागली, अंग धरलं. मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, आता याला खुशाल कामावर धाडा. त्या संध्याकाळी अक्कानं शिरा केला आणि पाटीवर २१,६४९ लिहिलं.

"हे पुन्हा करून बघ."

केलं. बाकी शून्य! ५,१३,२३९ चा पूर्ण भाग. मी आनंदानं ओरडलो, आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

"हे मी मागेच केलं होतं!"

"हातचा विसरला होतास, गधड्या. पाटी पुसण्याआधी मी रोज तपासत होते."

"आणि वर्षभर मला घाण्याला जुंपलंस?" मी भयंकर संतापलो होतो.

"तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हा दिवाळी बघायचा नाही. उत्तर सापडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कशासाठी उठला असतास रे?"

मी शिरा खाल्ला. इतका गोड घास पुन्हा मिळाला नाही.

शेवटच्या आजारात ती स्वतःच सतरा एकांना भिडली होती. तिच्या उशाशी पाटी मिळाली, अर्धवट भागाकारासकट. ती मी तळेगावला आणली. तो भागाकार पुरा केला, बाकी उरली. आता माझं रोजचं तेच चाललंय. तपासायला अक्का नाही, म्हणून प्रत्येक भागाकार दोनदा करतो. कालही एक हातचा विसरलो होतो, दुसऱ्या खेपेला सापडला. पाटी मीच पुसली. उद्या सकाळी उठून पुढची संख्या घ्यायची आहे.