रुंद टायर कोनाला पायजे?

सुकापूरच्या रस्त्यावर त्या बाईंचं टायरचं दुकान आहे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पन्नाशीच्या असतील. पदर खोचलेला, हात काळे, आणि बाजारात वांगं दाबून बघावं तसा टायरवर अंगठा दाबून बघायची सवय.

मी जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली होती. तिच्या मूळ चाकांवर मला चांगले रुंद टायर हवे होते.

"एवढा रुंद आत घासनार," त्या म्हणाल्या.

मी मोबाईलवर रुंद टायर लावलेल्या अशाच गाड्यांचे फोटो दाखवले. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या एका चाकावर मला हवा तोच टायर चढवला आणि म्हणाल्या, "बसा आत. स्टेअरिंग पूर्ण फिरवा."

मी फिरवलं. मडगार्डच्या आतून खर्रर्र आवाज आला.

"ऐकलं, गाडी काय बोलली?"

मी स्टेअरिंग सरळ केलं.

"खरं सांगा, रुंद टायर कोनाला पायजे? गाडीला का शेजाऱ्याला?"

शेजाऱ्यानं नुकतीच मोठी गाडी घेतली होती. "शेजाऱ्याला," मी कबूल केलं.

त्या मनापासून हसल्या. "मंग पुढं हाय तेच राहू दे. मागं एक साईज रुंद टाकते, तेवढं ही रिम घेते. शेजारी मागूनच बगतो."

घरी बायकोनं नव्या टायरांचं कारण विचारलं, तेव्हा मी "सेफ्टीसाठी" म्हणून ठोकून दिलं. वीस वर्षांच्या संसारात तिला जे जमलं नाही, ते त्या बाईंनी पाच मिनिटांत माझ्याकडून वदवून घेतलं होतं.