ती इथलीच हाय

लीलाकाकींनी पहिल्या भेटीत मला लोखंडी जाळीबाहेर पाऊण तास उभं केलं होतं. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्या वर्षी माझी बीएलओ म्हणून नेमणूक झाली होती. म्हणजे एका मतदान केंद्राच्या हद्दीतली घरं फिरायची, कोण राहतं, कोण गेलं, कोण वारलं ते पाहायचं आणि मतदारयादी ताजी ठेवायची. माझ्या वाट्याला आलेलं गाव ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला होतं. एके काळी भातशेतीचं आणि मिठागरांचं. आता गल्लीगल्लीत तीन-चार मजले चढलेले, आणि खोल्याखोल्यांतून महाप्याच्या कंपन्यांत कामाला जाणारे भाडेकरू.

"कार्ड दावा," जाळीआडून आवाज आला. मी गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं. "लांबून नको. आत द्या." दिलं. ते घेऊन काकी आत गेल्या त्या गेल्याच. उन्हात माझं डोकं तापलं. मग कळलं की त्यांनी भाडेकरणीला लावून आमच्या शाळेचा नंबर शोधला होता आणि थेट मुख्याध्यापकांना विचारलं होतं, की अशा अशा नावाची बाई तुमच्याकडे आहे का आणि ती दिसायला कशी आहे. परत येऊन त्यांनी ओळखपत्र दिलं आणि म्हणाल्या, "खऱ्या हाव तुमी. आता बोला." पाण्याचा तांब्या मात्र त्यांनी आधीच भरून ठेवला होता. तोही जाळीतूनच दिला.

साठी ओलांडलेली, ठेंगणी, अंगानं भरलेली बाई. लुगडं आगरी पद्धतीनं घट्ट नेसलेलं, चालणं झपझप. चौथीपर्यंत शिकलेल्या. मालक वारलेले, मुलगा-सून वरच्या मजल्यावर. तळमजल्याच्या सहा खोल्या भाड्यानं दिलेल्या. कुणाच्याही बोलण्यावर त्या लगेच मान हलवत नसत. आधी समोरच्याकडे बघत राहायच्या. त्या बघण्यानं माणूस स्वतःच गडबडून दोन शब्द जास्त बोलायचा आणि तिथेच सापडायचा. "भरवसा देवलात ठेवावा," त्या म्हणायच्या, "बाकी समदीकडं कागद मागावा."

या संशयाचं मूळ त्यांनी मला तिसऱ्या की चौथ्या भेटीत सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका निवडणुकीत त्या दुपारी मतदानाला गेल्या. केंद्रावरचा कर्मचारी यादीत बघून म्हणाला, "बाई, तुमचं मत झालंय." काकींनी दोन्ही हातांची दहा बोटं त्याच्या पुढ्यात पसरली. शाईचा ठिपका कुठेच नव्हता. मागे रांग खोळंबली, लोक हसायला लागले, आणि त्यांना घरी पाठवण्यात आलं. "भर गावात मना खोटी पाडली," त्या सांगत. "माझा मत कोनी खाल्ला ते आजवर समजला नाय." पुढे कैक वर्षांनी एक वकीलबाई त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आली. तिनं सांगितलं, की अशा वेळी ओळख पटवून वेगळ्या कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. त्याला प्रदत्त मत म्हणतात, आणि कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. ते ऐकून काकींना मत गेल्यापेक्षा जास्त राग आला. हक्क होता, आणि मतदानाच्या खोलीतल्या पाच माणसांपैकी एकानंही तो सांगितला नव्हता.

मत एखाद्या बाईनंच टाकलेलं असणार, हे उघड होतं. काकींचा संशय एकीवर होता. त्यांची धाकटी जाऊ, पारूबाय. समोरासमोर घरं, मध्ये जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी गल्ली, आणि वीस वर्षं अबोला. पुरावा काहीच नव्हता. "त्या दिसापासून ती माझ्या डोल्यात बघत नाय," एवढंच काकी सांगत. "चोराला डोला नसतो."

तेव्हापासून दरवर्षी प्रारूप यादी शाळेच्या फळ्यावर लागली की काकी हजर. बोट ठेवून एकेक नाव वाचायच्या. घर क्रमांक चुकला, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव पडलं, मेलेला माणूस राहिला, लग्न होऊन गेलेली मुलगी राहिली, की त्या वेळच्या बीएलओकडे जायच्या, आता माझ्याकडे यायच्या. मला आधी वाटे, ही बाई कुठल्या तरी पक्षासाठी काम करत असणार. एवढी हौस फुकट कुणाला असते? मी इकडेतिकडे चौकशीसुद्धा केली. त्यांना ते कळलं आणि त्या चक्क खूश झाल्या. "बरा केलात. इचारावाच मानसानं."

महापालिका निवडणुकीआधी प्रभागांचा प्रारूप नकाशा जाहीर झाला, तेव्हाची गोष्ट. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. काकींनी मला नकाशाखालचं सीमांचं वर्णन मोठ्यानं वाचायला लावलं. आमच्या गावापुरती सीमा 'नाल्याच्या मध्यरेषेने उत्तरेकडे' अशी होती. काकी थबकल्या. "कंचा नाला?" गल्लीतला नाला बारा-पंधरा वर्षांपूर्वीच पाइपात घालून, वळवून, वरून काँक्रीट केलेला होता. त्यांनी हरकत लिहून घेतली, सही केली, पोचपावती घेतली आणि सुनावणीला गेल्या. मीही रजा टाकून गेले. खरं सांगायचं तर मजा बघायला.

अधिकारी म्हणाले, "मावशी, सीमा शक्यतो नाला, रस्ता, रेल्वे अशा ठळक खुणांवरूनच आखायची असते. नियमच आहे."

"मान्य हाय साहेब," काकी म्हणाल्या. "पन त्या नाल्यात माझे भाडेकरू मोटरसायकली लावतात."

सभागृह हसलं, पण साहेबांनी टिपून घेतलं. अंतिम अधिसूचना आली तेव्हा वर्णनात 'नाला' जाऊन 'रस्ता' आला होता. रेघ मात्र होती तिथेच राहिली. तिनं गल्ली उभी चिरली, काकींचं घर एका प्रभागात, पारूबायचं दुसऱ्यात. मतदारयादीतलं माझं केंद्र मात्र दोन्ही घरांना एकच राहिलं. मी म्हटलं, "काकी, फायदा काय झाला?" त्या म्हणाल्या, "खोटा होता तो गेला ना? रेघ सरल असंल तर मोजमापानं मारलेली, वाकडी असंल तर कोनाच्या तरी सोयीनं. ही वाकडी हाय. ध्यानात ठेवायची."

आता माझ्या चुकीचं सांगते. त्यानंतरच्या वर्षी यादीच्या पुनरीक्षणात कुणीतरी आमच्या केंद्रातल्या तीसेक नावांवर नमुना सातचे अर्ज भरले. नाव यादीतून काढा, असं सांगणारा तो अर्ज. सगळ्यांना कारण एकच, 'स्थलांतरित'. अर्जदारही एकच. असे अर्ज आले की बीएलओनं घरी जाऊन खात्री करायची असते. शाळेत परीक्षा चालू होत्या. माझ्याकडे दोन दुपारी होत्या. पारूबायच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या खोलीतला नवा भाडेकरू म्हणाला, "वो तो चली गई, बेटी के पास." मी फॉर्मवर लिहिलं, 'घर बंद, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून स्थलांतरित', आणि पुढच्या दाराकडे वळले. समोरच्या जाळीत काकी असतील, त्यांना विचारावं, हे मनात आलं होतं. पण त्यांच्याकडे गेलं की तास जातो. मी गेले नाही.

आक्षेप आलेल्या नावांची यादी फळ्यावर लागली. काकींनी नेहमीप्रमाणे बोट ठेवून वाचली आणि त्याच दुपारी माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. "पारूचा नाव कोन काढतो?"

मी चाचरले. "काकी, तुमचं तर तिच्याशी..."

"माझा काय हाय तो मी बघंन. नाव कोन काढतो ते सांगा."

सुनावणीची नोटीस पारूबायच्या बंद दारावर चिकटवलेली होती. काकींनी मुलाला द्रोणागिरीला, पारूबायच्या मुलीच्या घरी पाठवून जावेला बोलावून घेतलं. स्वतः तिच्याशी बोलल्या नाहीत. निरोप मुलाच्या तोंडून गेला.

सुनावणीच्या खोलीत पारूबाय प्रथमच नीट पाहिली. वाळकी, घाबरलेली, हातात घरपट्टीची पावती. मतदार नोंदणीचे साहेब म्हणाले, "घर तुमच्या नावावर आहे हे ठीक. पण नुसतं घर असणं पुरत नाही. तुम्ही तिथे सर्वसाधारणपणे राहता का, हा प्रश्न आहे. अहवालात लिहिलंय, घर बंद, स्थलांतरित." पारूबायनं पावतीच पुन्हा पुढे केली. मग काकी उठल्या.

"साहेब, मी समोर राहते. मी सांगते."

"तुमचं नातं काय?"

"जाऊ. पन आमचा पटत नाय, तवा मी खोटा बोलनार नाय." आणि मग त्या जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही. पारूबायच्या मुलीचं बाळंतपण जड गेलं म्हणून ती कुठल्या वारी गेली. मध्ये दोनदा येऊन रेशनवर अंगठा देऊन गेली. गॅसची टाकी कधी आली, पाण्याची मोटर कधी बिघडली, सणाला दारात दिवा लावायला ती कशी संध्याकाळच्या बसनं आली आणि सकाळी गेली. वीस वर्षं त्यांनी त्या दारावर संशयानं नजर ठेवली होती. त्या नजरेतून एकही दिवस निसटला नव्हता. "पोरीच्या बालंतपनाला गेलेली बाई गाव सोरून गेली व्हय? आनि ज्यानं आक्षेप घेतला तो कुठं हाय? त्यानं खोटा लिहिला असंल तर कायद्यात शिक्षा हाय ना? बोलवा त्याला."

आक्षेप घेणारा आलाच नव्हता. साहेबांनी विचारलं, "पटत नाही म्हणता, मग एवढी धडपड कशाला?"

काकींनी जावेकडे न बघता उत्तर दिलं. "ती चोर असंल साहेब. पन ती इथलीच हाय."

पारूबायनं पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी तात्पुरती गैरहजेरी म्हणजे स्थलांतर नव्हे असा शेरा मारला आणि तिचं नाव कायम केलं. बाकीच्या नावांचीही फेरतपासणी लावली. त्यातली एकवीस माणसं गावातच सापडली. ती सगळी दारं मी पुन्हा हिंडले. या वेळी कुलूप दिसलं की दुसऱ्या दिवशी परत गेले, आणि तिसऱ्याही.

बाहेर जिन्यात काकींनी मला गाठलं. अहवाल माझा होता हे त्यांनी ऐकलंच होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं. "म्याडम," त्या म्हणाल्या, "कुलूप काय बोलतं का? समोर मी बसलेली होते." आवाज चढला नव्हता. मला रडू फुटलं तेव्हा मात्र त्यांनी पाठीवर हात ठेवला. "तुमच्यावर तर मना पयल्या दिसापासून शक होता. आता मिटला. चुकलेला मानूस पुन्यांदा बघून लिहितो." मग त्या आणि पारूबाय एकाच रिक्षात बसून गेल्या, कारण दुसरी रिक्षा मिळाली नाही.

त्यानंतर दोन वर्षं काकी यादी वाचायला येत राहिल्या. एक गोष्ट मात्र बदलली. खाल्लेल्या मताची कहाणी त्या पुन्हा कधी सांगेनात. मीच विषय काढला तर म्हणायच्या, "जुना झाला तो." मला वाटलं, बाई थकली.

यंदा पावसाळा सरता सरता काकी गेल्या. चार दिवसांचा ताप, हृदय दमलं. तेराव्यानंतरच्या सोमवारी शाळा सुटायच्या वेळी पारूबाय आली. तिच्या हातात काकींच्या मृत्यूचा दाखला होता. मुलगा दुःखात आहे, त्याला सुचत नाही, म्हणून ती स्वतः आली होती. "तिचा नाव काढून टाका," ती म्हणाली. "लगेच."

मी फॉर्म काढला. ती समोरच्या बाकावर बसली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली.

"तिचा मत मीच टाकलेला, बाय. मालकांनी मतदानाची चिठ्ठी दिली, जा म्हनाले. मना वाचता येत नाय. माझीच चिठ्ठी असंल असा वाटला. दुपारी ती बोटं नाचवीत ओरडाया लागली, तवा उमजला. मंग तोंड उघडायचा धीर झाला नाय."

मी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "काकींना कधी सांगितलंत?"

"सुनावनीवरनं येताना, रिक्षात. घर आला, ती उतरली, पैसं दिलं. मंग म्हनाली, 'मना म्हायत होता. तू कवा सांगशील ते बघत होते.'" पारूबायनं नाक ओढलं. "दुसऱ्या दिवशी सुका जवला केलेला, तो वाटीत घेऊन आली. गल्ली ओलांडून. वीस वर्सांनी."

मी अर्जावर कारणापुढे 'मृत्यू' लिहिलं. अर्जदाराच्या नात्याच्या रकान्याशी पोचल्यावर वर बघितलं. पारूबाय सरसावून बसली.

"जाऊ लिवा," ती म्हणाली. "मोठी जाऊ होती माझी."